सत्तेचाळिशीत स्कूबा : आधी कागदपत्रं, मग रीफ, मग गुहा

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर जाऊन स्कूबाचं (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचं) ओपन वॉटर हे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट घेऊन आले, आणि त्याच ट्रिपमध्ये तिथल्या सेनोतेंमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांमध्ये डाइव्ह पण केल्या. वय ४७, जाड नंबरचा चष्मा, पोहायला शिकले तेच चाळिशीला टेकल्यावर आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. हे आधीच सांगून टाकते, कारण मी शोधत होते तेव्हा एकतर पंचविशीतल्या पोरांचे व्हिडिओ मिळायचे नाहीतर डाइव्ह शॉपच्या जाहिराती. आपल्यासारख्या माणसाला नक्की काय काय करावं लागतं, कुठे अडतं, किती पैसे जातात हे सलग कुठे सापडलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय. लांबलंय, पण काही गाळलं तर उपयोग नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठरलं. हाच किनारा का, तर रीफ आणि गुहा दोन्ही एका तासाच्या अंतरात. समोरच्या समुद्रात मेसोअमेरिकन रीफ, जगातली दुसऱ्या नंबरची मोठी प्रवाळरांग, युकातानच्या टोकापासून बेलीझ, ग्वाटेमाला करत होंडुरासपर्यंत साधारण हजार किलोमीटर. आणि मागे जंगलात जमिनीखाली नद्याच नद्या. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नदी जवळपास दिसतच नाही, पाऊस पडला की पाणी चुनखडीतून थेट खाली, आणि जिथे जिथे छत कोसळलंय तिथे सेनोते. मला खरं तर फक्त रीफ बघायचा होता. गुहा वगैरे आपल्याला झेपणार नाही हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. खोल पाण्याची तितकी भीती नव्हती, डोक्यावर छत असण्याची होती.

पहिलं काम व्हिसा. आम्ही अमेरिकेत राहतो, पासपोर्ट भारतीय. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही (कॅनडा, यूके, जपान, शेंगेनचा चालू व्हिसा असेल तरी चालतं, ग्रीनकार्डवाल्यांनाही). माझा स्टिकर चालू होता. नवऱ्याचा संपलेला, त्याच्याकडे फक्त आय-७९७, म्हणजे अमेरिकेतला अर्ज मंजूर झाल्याचं पत्र. बऱ्याच जणांना वाटतं तो कागद पुरतो, पण पुरत नाही, पासपोर्टमधला स्टिकरच चालू लागतो. मग मेक्सिकोच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट, ती मिळायलाच महिना, मग बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, फोटो आणि पन्नासेक डॉलर फी. व्हिसा तसा लगेच मिळाला. परत येताना अमेरिकेत शिरायला मात्र ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाची सोय आहे, मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांच्या आत राहून परतलात आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू असेल तर स्टिकर संपलेला असला तरी घेतात, बाहेर असताना नव्या व्हिसाला अर्ज मात्र केलेला नसावा. एअरलाइनच्या काउंटरवरच्या मुलीला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून त्या नियमाचा प्रिंटआउट आणि आय-९४ ची कॉपी सोबत ठेवली. कामी आली, कानकूनला परतीच्या चेक-इनला वीस मिनिटं तोच कागद वाचत होते. आणि एवढं सगळं करून नवरा डाइव्ह करणार नव्हताच, त्याला पुस्तक घेऊन काठावर बसायचं होतं.

आता कोर्स. तीन भाग असतात : थिअरी, पूल आणि शेवटी मोकळ्या पाण्यातल्या चार डाइव्ह. तिन्ही सुट्टीच्या जागी करता येतात, पण मग सुट्टीचे निम्मे दिवस पूलमध्ये आणि मोबाइलवर धडे वाचण्यात जातात. दुसरा मार्ग रेफरल, म्हणजे थिअरी आणि पूल घराजवळ उरकायचं, तिथला इन्स्ट्रक्टर सही-शिक्क्याचा फॉर्म देतो, आणि उरलेल्या चार डाइव्ह तुम्ही समुद्राच्या गावी करता. फॉर्म वर्षभर चालतो. आमच्या वयाच्या लोकांना मी हाच मार्ग सांगेन, कारण पूलमध्ये अडलं तर पुढच्या आठवड्यात परत जाता येतं, परतीचं विमान मानेवर बसलेलं नसतं.

थिअरी ऑनलाइन, दोनशेच्या आसपास डॉलर. गणित नाही फारसं, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसते, ती म्हणजे दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. जमिनीवर १, दहा मीटरला २, वीसला ३. म्हणून दहा मीटरवर छातीत भरलेली हवा श्वास रोखून वर आलात तर दुप्पट व्हायला बघणार आणि फुप्फुसाला इजा होणार. म्हणून नियम नंबर एक, श्वास कधीही रोखायचा नाही. हे वाचलं त्या रात्री कोर्स सोडून द्यावासा वाटला होता. पण गंमत म्हणजे कारण कळल्यावर भीती कमी झाली, नुसतं "श्वास रोखू नका" म्हटलं असतं तर नसती झाली.

मग मेडिकल फॉर्म. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. जगभर सगळ्या संस्था साधारण एकच प्रश्नावली वापरतात, दहा प्रश्न, हो किंवा नाही. त्यात एक प्रश्न, तुमचं वय ४५ च्या वर आहे का? हो म्हटलं की पुढचा चौकोन उघडतो, सिगारेट, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, जवळच्या नात्यात कोणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार. त्यातल्या एकालाही हो म्हटलं की डॉक्टरची सही हवी. शॉपमध्ये फॉर्म भरताना शेजारचा एक काका मला हळूच म्हणाला, सगळीकडे नाही टिक करा, कोण बघतंय. नका करू हो असं. खोटं लिहिलंय म्हणून विमा नाकारला गेला तर पंचाईत, आणि मुळात तो चौकोन उगाच नाहीये, डाइव्ह करताना होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयाचं दुखणं हे एक मोठं कारण आहे.

माझ्या फॅमिली डॉक्टरांनी आधी सही करायला नकार दिला. म्हणाल्या, मला डाइव्हिंगमधलं काही कळत नाही, मी कशाला जबाबदारी घेऊ. बरोबरच होतं त्यांचं. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी वेगळी मार्गदर्शिका मिळते, कुठल्या आजारात काय बघायचं याची, ती नेऊन दिली. मग त्यांनी ट्रेडमिलची स्ट्रेस टेस्ट सांगितली. त्याची तारीख तीन आठवड्यांनंतरची. ऑक्टोबर असा गेला. टेस्ट नॉर्मल आली, सही झाली, कोपेचे, म्हणजे विम्यात माझ्या वाट्याला येणारे, सत्तरेक डॉलर खिशातून. तर टिप अशी की पंचेचाळिशीच्या पुढे असाल किंवा दमा, कानाचं ऑपरेशन, मायग्रेन असलं काही असेल तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी हा फॉर्म डाउनलोड करून वाचा. मेक्सिकोत पहिल्या सकाळी बोटीशेजारी उभं राहून हो-नाही करायची गोष्ट नव्हे ती.

नोव्हेंबरमध्ये पूल. आधी पोहण्याची परीक्षा, २०० मीटर कुठल्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही, आणि मग १० मिनिटं नुसतं तरंगायचं. मी ब्रेस्टस्ट्रोक मारत आरामात केलं. पोहायला अजिबात न येणाऱ्यांनी आधी ते शिकावं, पण जोरात पोहता यायला हवं असं काही नाही. उलट आमच्या बॅचमधला कॉलेजात वॉटरपोलो खेळलेला मुलगा सगळ्यात जास्त हवा संपवायचा, कारण हात मारायची सवय सुटेना.

माझा घोडा अडला मास्कवर. पाण्याखाली मास्क पूर्ण भरून घ्यायचा आणि नाकाने हवा सोडून रिकामा करायचा, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे मास्क काढून टाकायचा, मिनिटभर तसंच श्वास घेत बसायचं, परत घालायचा. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा येतेय, हे डोक्याला कळतं पण नाकाला पाणी लागलं की सगळं अंग म्हणतं वर चल. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन उठलेच मी, दुसऱ्या वेळी पण. इन्स्ट्रक्टर शांत बाई होती. तिने मला बाकीच्यांपासून बाजूला काढलं, कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि मास्क न घालता नुसता स्नॉर्कल तोंडात धरून तोंड पाण्यात घालायला सांगितलं, डोळे मिटून. तोंडाने आत, नाकाने बाहेर, मग तोंडाने आत, तोंडानेच बाहेर. पाच मिनिटं रोज, असं सांगून घरी पाठवलं. मी घरी टबमध्ये केलं, लेक दारात उभी राहून हसत होती. पुढच्या आठवड्यात जमलं. फार छान नाही, पण जमलं. तुमचं जे काही अडेल त्याला बहुतेक असाच एखादा लहान, कंटाळवाणा उपाय असतो, आणि तो सांगणारा इन्स्ट्रक्टर मिळणं हे शॉपच्या चकचकीतपणापेक्षा महत्त्वाचं.

चष्मेवाल्यांसाठी : मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालून डाइव्ह करता येते, पण मास्क काढायचा म्हटल्यावर डोळे मिटून ठेवावे लागतात. मी नंबरच्या काचा बसवलेला मास्क घेतला, दीडशे डॉलर. बाकी काहीच विकत घेऊ नका, टाकी, जॅकेट, रेग्युलेटर, सूट सगळं भाड्याने मिळतं. हो, आणि विमा. साधा आरोग्य विमा परदेशातल्या प्रेशर चेंबरचा (डाइव्हमुळे झालेल्या त्रासावर उपचार करायच्या दाबाच्या खोलीचा) खर्च देईलच असं नाही, म्हणून डॅन म्हणजे डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कची मेंबरशिप आणि विमा घेतला, वर्षाचे शंभर डॉलरच्या आसपास.

फेब्रुवारी २०२५. कानकूनला उतरलो, पासपोर्टवर शिक्का आणि किती दिवस राहायची परवानगी ते पेनने लिहून दिलं, तो आकडा तिथेच बघून घ्या. किंताना रू राज्याचा व्हिसिटॅक्स नावाचा पर्यटक कर ऑनलाइन भरून ठेवला होता. बसने तासाभरात प्लाया देल कार्मेन. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म, रेफरल, डॉक्टरांची सही सगळी फाइल घेऊन शॉपवर हजर, तर इन्स्ट्रक्टर म्हणाला, आज बंदर बंद. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारा येतो, नोर्ते म्हणतात त्याला, लाटा उठल्या की बंदराचा कॅप्टन लहान बोटींना बंदी घालतो आणि मग कोणीही काहीही करू शकत नाही. कधी एक दिवस, कधी तीन-चार. मी हिशोब करायला लागले की आता चार डाइव्ह कशा बसणार.

त्याने उपाय काढला. तुलुमच्या अलीकडे कासा सेनोते म्हणून जागा आहे, वर आकाश मोकळं, दोन्हीकडे खारफुटी, सात-आठ मीटर खोल, समुद्राला आतून जोडलेली. छत नसल्यामुळे कोर्सच्या डाइव्ह तिथे चालतात आणि वारा कितीही असो, सेनोतेला फरक पडत नाही. म्हणजे ज्या शब्दाला मी घाबरत होते तिथेच माझी पहिली डाइव्ह. तिथे एक छोटी मगर राहते हे मला गाडीत बसल्यावर सांगण्यात आलं. (दिसली. कडेला पडून होती, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.) पाणी २५ डिग्री, पाच मिलिमीटरचा सूट, खारफुटीच्या मुळांमधून उन्हाच्या तिरप्या रेषा, आणि मी गुडघ्यांवर बसून परत तोच मास्क भरतेय, रिकामा करतेय. पूलमध्ये केलेलं इथे सोपं गेलं.

वारा पडल्यावर उरलेल्या दोन डाइव्ह प्लायाच्या समुद्रात. बोट किनाऱ्यावरूनच निघते, कमरेएवढ्या पाण्यातून चढायचं, दहा मिनिटांत जागेवर, काठावर पाठमोरं बसून मागे पडायचं. त्यातच भीती संपते कारण विचार करायला वेळच नसतो. उतरताना मात्र माझ्या डाव्या कानाला दडा बसला. इथे घाई अजिबात नको. दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, दर मीटरला, आणि नाही सुटला कान तर एक मीटर वर जायचं, परत प्रयत्न. मी सगळ्यांच्या मागून दोरी धरून इंचाइंचाने खाली गेले, इन्स्ट्रक्टर समोर थांबून हाताने हळू हळू खुणा करत होता, कोणी ओरडलं नाही. सर्दी असेल तर मात्र डाइव्ह रद्द करा, पैसे गेले तरी. खाली गेल्यावर एक कासव गवत खात होतं, आमच्यातल्या सगळ्यांपेक्षा निवांत. याच किनाऱ्याजवळ नोव्हेंबर ते मार्च बुल शार्क येतात, गाभण माद्या, त्यांच्या डाइव्ह वेगळ्या असतात आणि अनुभवी लोकांसाठी. माझी तेवढी हौस नव्हती.

सही झाली, अ‍ॅपवर कार्ड आलं, आता १८ मीटरपर्यंत जायची परवानगी.

मग कोझुमेल. प्लायाहून फेरीने पाऊण तास, तिकीट तीनेकशे पेसो, फेरी चांगलीच हलते, तेव्हा बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, उलटी व्हायला लागल्यावर नाही. कोझुमेलचे रीफ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत (हात झाकलेला असला की माणूस प्रवाळाला धरतो), सुरी न्यायची नाही, सनस्क्रीन लावायचं नाही, म्हणून लांब बाह्यांचा टीशर्ट घ्या. रोजचं पार्कचं शुल्क वेगळं, थोडेसेच डॉलर. इथली डाइव्ह ड्रिफ्ट असते, म्हणजे प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे तुम्हाला वाहून नेतो आणि बोट वर बुडबुड्यांच्या मागे मागे येते, जिथे वर याल तिथे उचलते. प्रवाह म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, पण प्रवाहाशी भांडायचंच नसतं. पाय बंद, हात पोटाशी आणि खालून पालनकार गार्डन्स नावाचा रीफ सरकत जातो. प्रवाळाचे उंच बुरूज, मधून लहान बोळ, वाळूवर एका खबदाडीत तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिवळ्या पंखांचा टोडफिश, जो कोझुमेलची खासियत मानतात. तो दिसण्याआधी ऐकू आला, घर्र असा आवाज करतो.

खरं तेही सांगते. फोटोत दिसतात तसे रंग सगळीकडे नाहीत. २०१८ मध्ये या किनाऱ्यावर दगडी प्रवाळांचा एक रोग आला, पेशी झडतात आणि काही आठवड्यांत शेकडो वर्षांची वसाहत पांढरी पडते. २०१९ मध्ये पालनकारसकट काही भाग थोडे दिवस डाइव्हर्सना बंदच ठेवला होता. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढलेले मोठे मोठे गोळे दिसतात, गाइडने बोट दाखवून मान हलवली, पाण्याखाली एवढंच बोलता येतं. स्पंज आणि मासे मात्र भरपूर.

आता गुहा. मी जायचं ठरवलं ते कासा सेनोतेमुळे आणि नियम वाचल्यामुळे. केव्हर्न आणि केव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केव्ह म्हणजे पूर्ण अंधार, त्याला वेगळं लांबलचक ट्रेनिंग, त्याशिवाय कोणी नेत असेल तर पळून या. केव्हर्न म्हणजे उजेड दिसतो तिथपर्यंतच, पृष्ठभागापासून खोली आणि आतलं अंतर मिळून ६० मीटरच्या आत. ओपन वॉटरवाल्यांना केव्हर्न चालतं, पण गाइड पूर्ण केव्ह डाइव्हर असायला हवा. मी दोन-तीन ठिकाणी मेसेज करून तेच विचारलं : गाइडकडे फुल केव्हचं सर्टिफिकेट आहे का, एका गाइडमागे किती जण (चारपेक्षा जास्त नकोत), आणि तो स्वतः दोन टाक्या घेऊन येतो का. एका ठिकाणाहून उत्तर आलं की काळजी करू नका, खूप सोपं आहे. तिथे नाही गेले. दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि उलट मला विचारलं की शेवटची डाइव्ह कधी, बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, कशी आहे. त्याच्याकडे पैसे भरले, दिवसाला दोन डाइव्ह, सामान आणि प्रवेश धरून १९० डॉलर. दहावीस डॉलर स्वस्त मिळतंय म्हणून इथे निवड करू नका, एवढी एकच गोष्ट मी हट्टाने सांगेन.

पहिलं ठिकाण दोस ओहोस. जमीन एका एहिदोची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक मालकीची. पार्किंगमध्येच गाडीच्या मागच्या दारावर टाक्या मांडल्या आणि पाऊण तास नुसतं ब्रीफिंग. हवेचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा राखीव, म्हणजे २०० बार दाबाने भरलेली टाकी १३०-१३५ वर आली की ज्याची आधी येईल त्याच्यासाठी सगळे मागे फिरणार. पिवळी दोरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, ती नजरेआड होऊ द्यायची नाही. प्रत्येकाकडे टॉर्च, गोल फिरवला म्हणजे ठीक, आडवा जोरात हलवला म्हणजे गडबड. पाय वर-खाली मारायचे नाहीत, बेडकासारखे बाजूला, नाहीतर गाळ उठतो. आणि गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो म्हणून माझ्या पट्ट्यातलं दोन किलो शिसं काढून टाकलं.

उतरताना छाती धडधडत होती. पाणी इतकं स्वच्छ की पुढचा माणूस हवेत लटकलाय असं वाटतं. पहिल्या वळणावर छत खरोखर डोक्यावर आलं तेव्हा माझा श्वास उथळ आणि जोरजोरात व्हायला लागला, ते मला माझ्याच बुडबुड्यांच्या आवाजावरून कळलं. मी टॉर्च आडवा नाही हलवला, पण दोरीकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं. मागे निळा उजेड होता. पुन्हा दोरी. लांब श्वास सोडला. गाइड थांबला होता, त्याचा टॉर्च गोल फिरला, मी माझा फिरवला. असं प्रत्येक वळणावर करत गेले आणि पुढे पुढे विसरून गेले करायचं.

छतातून लटकलेले लवणस्तंभ, काही बोटाएवढे, काही खांबाएवढे. हे पाण्यात तयार होऊच शकत नाहीत, थेंब थेंब पडायला हवा लागते. हिमयुगात समुद्र शंभर मीटरपेक्षा जास्त खाली होता तेव्हा या गुहा कोरड्या होत्या, नंतर बर्फ वितळलं आणि त्या भरल्या. म्हणून एक तुटला की संपलं, परत बनणार नाही. मी हात पोटाशी बांधून ठेवले होते. जवळच्याच होयो नेग्रो नावाच्या खोल विहिरीत २००७ मध्ये डाइव्हर्सना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीचा, नाया नाव ठेवलंय तिचं, कोरड्या काळात आत चालत आली आणि अंधारात पडली असं मानतात. ज्या गुहेत मी होते ती साक आक्तून नावाच्या प्रचंड जाळ्याचा भाग आहे हे जानेवारी २०१८ मध्ये सिद्ध झालं, जोडून लांबी ३४७ किलोमीटर भरली. पुढच्या अंधाऱ्या बोळाच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी, इथून पुढे जाऊ नका, मराल. अशी स्पष्ट भाषा मला फार आवडते.

दुसऱ्या दिवशी चाक मूल आणि कुकुलकान. तिथे हॅलोक्लाइन बघायला मिळते. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं, मध्ये दोन्ही मिसळतात तो थर. वरून बघताना खाली दुसरा पृष्ठभाग असल्यासारखा चमकतो आणि त्यात शिरलं की चष्मा काढल्यावर दिसतं तसं सगळं धूसर, पुढच्याच्या पायातले फिन्ससुद्धा विरघळलेले. कोणी आधी सांगितलं नसतं तर मास्क गेला असं वाटून घाबरले असते. थोडं खाली किंवा बाजूला झालं की परत लख्ख.

एल पिट आणि आंहेलिता या प्रसिद्ध सेनोते, जिथे तीसेक मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा ढग असतो, त्या माझ्या कार्डात बसत नाहीत, अ‍ॅडव्हान्स्ड हे पुढचं सर्टिफिकेट लागतं. "एवढं काही नाही, जाऊ या" म्हणणारे तिथेही भेटतात. परतीच्या गाडीत गाइड युकातानमध्ये नव्याने बांधलेल्या माया रेल्वेबद्दल बोलत होता, तुलुमकडच्या टप्प्यात पुलाचे खांब सरळ गुहांच्या छतातून खाली उतरवलेत, त्याने स्वतः काही पाहिलेत. बराच वेळ बोलत होता आणि आम्ही गप्प होतो.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी १८ तास तरी थांबायचं असतं (एकच डाइव्ह केली असेल तर १२), म्हणून आम्ही शेवटचा अख्खा दिवस मोकळा ठेवला आणि तुलुमचे अवशेष बघितले, भर उन्हात, नवरा खूश.

खर्चाचं : विमान आणि हॉटेल सोडून नुसतं डाइव्हिंग दोन हजार डॉलरच्या आसपास गेलं, थिअरी, पूल, मास्क, विमा, रेफरल, कोझुमेल, सेनोते आणि टिप धरून. टिप दहा-पंधरा टक्के, शक्यतो पेसोत. सेनोतेच्या गेटवर बऱ्याच ठिकाणी रोखच चालते आणि एटीएम जंगलात नसतं, तेव्हा पेसो प्लायातच काढून घ्या. एटीएमने डॉलरचा रेट दाखवून "मान्य?" विचारलं तर नाही म्हणा, बँकेचा रेट बरा पडतो. जाण्याच्या महिन्याबद्दल माझं मत : डिसेंबर-फेब्रुवारीत नोर्तेचा धोका, एप्रिल ते ऑगस्ट किनाऱ्यावर सरगॅसम शेवाळाचे ढीग (कोझुमेलच्या पश्चिम बाजूला ते फारसं पोचत नाही), जून ते नोव्हेंबर वादळं. फेब्रुवारीतच जायचं असेल तर दोन दिवस फुकट जातील असं धरून बुकिंग करा आणि बंदर बंद झालं तर शॉप पैसे परत देणार की तारीख बदलून देणार हे आधी लेखी घ्या. आमच्या शॉपने तारीख बदलून दिली, शेजारच्या हॉटेलातल्या जोडप्याचे पैसे अडकले.